पाणी कुठलं?

पेणमध्ये गणपती सांगायला गेलं की मूर्तिकार विचारतो, केवढा हवा? आमच्या शेजारचे भास्करअण्णा मात्र आधी विचारायचे, "पाणी कुठलं?"

म्हणजे विसर्जन कुठल्या पाण्यात करणार. विहीर म्हणालात की अण्णा शाडूचा थर पातळ ठेवायचे. "विहिरीचं पाणी निजलेलं असतं ओ, त्याला जड घास घालायचा नाय." नदी म्हणालात की थर जाड. एकदा मुंबईचं एक गिऱ्हाईक मोठ्या तोऱ्यात म्हणालं, "आम्ही होडीतून आत नेतो, भर समुद्रात." अण्णांनी त्याला शेजारच्या कारखान्याची वाट दाखवली. "मूर्ती काठाला द्यावी. आत कशाला न्यायची?" असं वर आम्हालाच ऐकवलं.

कुठल्या पाण्यात आपली माती किती वेळ धरेल, हे ते मिनिटांत सांगत. त्यांना खोटं पाडायचं म्हणून एका वर्षी मी घंगाळात वीतभर गणपती विसर्जित केला आणि घड्याळ घेऊन बसलो. अण्णा म्हणाले होते, पाऊण तासात बसेल. सेहेचाळिसाव्या मिनिटाला बसला. मी एक मिनिटाची चूक उड्या मारत सांगायला गेलो, तर म्हणाले, "घड्याळ पुढं असंल तुमचं, मास्तर."

आणि एवढं पाण्याचं शास्त्र जाणणारा माणूस विसर्जनाला कधी जात नसे. अनंत चतुर्दशीला सगळं पेण रस्त्यावर, आणि अण्णा घराचं दार लावून मागच्या पडवीत विड्या ओढत बसलेले. आम्ही त्यावरून त्यांना यथेच्छ चिडवायचो.

मग चिडवणं बंद झालं. अण्णांचा एकुलता एक मुलगा विलास बोटीवर नोकरीला होता. पहिल्या सुट्टीत त्याने आपल्या लेकीसाठी, पिंकीसाठी, परदेशातून रिमोटवर चालणारी खेळण्यातली बोट आणली. लाल-पांढरी, प्लॅस्टिकची, हातभर लांब. "पुढच्या खेपेला येईन तेव्हा चालवायला शिकवीन," म्हणाला. पुढच्या खेपेला कंपनीचं पत्र आलं. विलास समुद्रात पडला होता आणि सापडला नव्हता.

शरीर नाही, म्हणून अग्नी द्यायला भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितलं. अण्णा म्हणाले, मी करतो. हजारो मूर्ती घडवलेल्या माणसाला तो पुतळा बांधता येईना. दर्भ हातातून सुटून सुटून जात होता. शेवटी भटजींनीच बांधला. मी तिथे होतो, आणि नसतो तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

सून सुनंदा पिंकीला घेऊन माहेरी, रोह्याच्या पलीकडे अष्टमी गावात गेली. मी रोह्याला शाळेत मास्तर, रोज एस.टी.ने जाऊन येऊन. त्यामुळे दोन्ही घरांचे निरोप, पापड आणि पिंकीचे जुने-नवे फ्रॉक माझ्याच पिशवीतून हिंडू लागले.

एका दिवाळीनंतर सुनंदाने माझ्या हातात ती बोट दिली. कपाटावरून पडून तिच्या बुडाला लांब चीर गेली होती आणि मध्ये रुपयाएवढा टवका उडाला होता.

"भाऊजी, मामंजींना द्या. त्यांच्या हाताला काय पण जमतं. पिंकी नऊ वर्षांची झाली, नदीत चालवायचीय म्हणते. किती दिवस कपाटावर ठेवू?"

बोट मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. नागोठण्याला कंडक्टर म्हणाला, "मास्तर, हिचं अर्धं तिकीट काढू का?" सगळी गाडी हसली.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी बोट उलटी केली, चिरेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

"कुंडलिका," मी म्हणालो.

"वाहतं," एवढंच म्हणून त्यांनी बोट फळीवर ठेवली.

जन्मात एकदाही तारीख न चुकलेला हा माणूस. चतुर्थी कुणासाठी थांबत नाही, हे तेच आम्हाला ऐकवायचे. पण बोट काही होईना. मी रोज विचारायचो आणि रोज नवं उत्तर घेऊन रोह्याला जायचो. थंडीत प्लॅस्टिक धरत नाय. पहिला हात दिलाय. रंग सुकतोय. माघी गणपतीची गडबड हाय. पिंकी तर मला बघताच "सुकला का रंग?" म्हणायला लागली. शेवटी शिमग्याच्या तोंडावर मी आवाज चढवला, तेव्हा कुठे चार दिवसांनी अण्णांनी बोट माझ्या हातात दिली.

काय काम केलं होतं! चीर कुठे होती ते बोटाला लागत नव्हतं. लाल रंग असा मिळवला होता की नवा कुठला नि जुना कुठला, मला चष्मा पुसूनही कळेना.

त्याच शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही कुंडलिकेच्या काठावर गेलो. पिंकीने रिमोटचा खटका दाबला. बोट घुर्रर्र करत निघाली, चार हात गेली आणि तिथेच एका कुशीवर कलली. बुडाखालून पाण्यात तांबडा, मग करडा गढूळ धूर पसरला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून धावलो आणि बुडता बुडता तिला वर काढली. टवक्याच्या जागी ओल्या शाडूचा लगदा माझ्या बोटांना लागला.

प्लॅस्टिकच्या बोटीला शाडू! पिंकी भोकाड पसरून रडत होती, काठावर कपडे धुणाऱ्या बायका हसत होत्या, आणि सुनंदा पदर तोंडाला लावून नुसती पाण्याकडे बघत होती. त्या क्षणी मला अण्णांचा असा राग आला की पेणपर्यंत मी मनातल्या मनात भांडत गेलो. म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणायची की काय!

घरी न जाता थेट त्यांच्याकडे गेलो आणि बोट समोर आपटली. "पोरीच्या बोटीला शाडू लावलात अण्णा? पाण्यात जायची वस्तू ती!"

अण्णांनी बोट उचलून धोतराच्या सोग्याने पुसली.

"किती लांब गेली?"

"चार हात."

"मग बरोबर," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिनिटाचा हिशेब चुकू न देणारा हा माणूस, त्याची चूक कशी होईल?

"मुद्दाम केलंत?"

"नीट केली असती तर आत गेली असती, मास्तर. वाहत्या पाण्यात आत गेलेलं कोण आणून देतो?" त्यांनी बोट मांडीवर ओढून घेतली. "काठाला बुडलेलं काढता येतं. तुम्ही काढलात ना? आली ना परत?"

बाहेर दोरीवर पिंकीचा जुना फ्रॉक रंग पुसायला टांगला होता, त्याच्याकडे बघत राहिलो. त्यांच्याशी मनात भांडल्याची मला लाज वाटली. म्हणालो, "अण्णा, पोर रडली हो. बापाची आठवण आहे ती तिची. कपाटावर तरी किती दिवस ठेवायची?"

पाच महिने रखडलेलं काम त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत केलं. चिरेच्या दोन्ही टोकांना सुईने बारीक भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे धावत नाही. आतली बाजू खरवडली, जुन्या बादलीचा तुकडा तासून टवक्यात बसवला आणि वर तलम कापडाची पट्टी दोन ट्यूबांतल्या चिकट मसाल्याने चिकटवली. मग सुकल्यावर ती बोट दिवसभर पिंपात तरंगत ठेवून अण्णा शेजारी बसून राहिले. पाण्याचा थेंब आत आला नाही.

देताना तिच्या मागच्या कडीला त्यांनी नायलॉनची दोरी बांधली होती. वीस हात लांब.

"अहो, रिमोट आहे ना!"

"रिमोटचा काय भरवसा? सेल संपला तर?" असं म्हणून त्यांनी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

कुंडलिकेच्या काठावर पिंकीने दोरी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "आई, दोरीची बोट कुठं असते? सोड ना ही."

सुनंदा सोडायला वाकली. गाठीला तिचं बोट लागलं आणि तिथेच थांबलं. हातगाडीवरून मूर्ती जाताना पाटाला बांधतात ती गाठ, पाच वर्षं त्या घरात राहिलेल्या सुनेला ओळखू कशी येणार नाही?

"राहू दे गो," ती म्हणाली, आणि दोरीचं दुसरं टोक तिने स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलं.