खांब नंबर नऊजवळची टेकडी

रेघोबांची रेघ चुकत नाही, हे नकाशा कचेरीत दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नसे. रेघोबा स्वतःच ते दिवसातून चार वेळा सांगत. सव्वीस वर्षं सरहद्दीचे नकाशे हाताने काढत आलेला माणूस! त्यांच्या हातून कागदावर कधी एक ओढा वाकडा गेला नव्हता की एक विहीर जागची हलली नव्हती. त्यांचं खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक. बाकी सगळे रेघोबाच म्हणत, आणि ते त्यांना मनापासून आवडत असे.

शेजारच्या देशाशी बोलणी ठरली की रेघोबांचा भाव वधारायचा. दोन्ही देशांचा एकमेकांच्या संगणकांवर काडीचा विश्वास नव्हता. विमानातून काढलेले फोटोसुद्धा 'तुमचं विमान, तुमचा फोटो' असं म्हणून परत जात. म्हणून फार पूर्वीच ठरलं होतं की टेबलावर हाताने काढलेला एकच नकाशा ठेवायचा, त्याच्या चारही कोपऱ्यांवर दोन्ही देशांचे शिक्के मारायचे, आणि शिक्के बसले की कागदावर जे आहे ते खरं मानायचं. मग जमीन काहीही म्हणो.

या खेपेला मात्र रेघोबांचा जीव निराळ्याच कारणाने अडकला होता. अकरा महिन्यांपूर्वी सरहद्दीवर कुणीतरी एक गोळी झाडली. कुणी झाडली ते अजून ठरलेलं नाही, पण ये-जा करायचं फाटक बंद झालं ते झालंच. फाटकापलीकडे चार किलोमीटरवर रेघोबांच्या बायकोची थोरली बहीण राहायची. तिला नात झाली तेव्हा बायकोने हौसेने पिवळा स्वेटर विणला होता. तो देणार कसा? मूल काही फाटकासाठी वाढायचं थांबत नाही. फोनवर कळलं की पोर अंगाने भरली. बायकोने स्वेटर उसवला आणि मोठा विणला. पोर आणखी वाढली. तिसऱ्यांदा उसवल्यावर लोकर पुरेना, म्हणून बाह्या हिरव्या आल्या.

"अहो," बोलण्यांच्या आदल्या दिवशी सुया चालवत ती म्हणाली, "आता जर फाटक उघडलं नाही ना, तर ही पोर हा स्वेटर तिच्या नातीला देईल."

"नकाशा माझा आहे," रेघोबा म्हणाले. "त्यात मी भांडायला जागाच ठेवलेली नाही."

आणि खरोखरच ठेवलेली नव्हती. दुपारी कचेरीत नकाशा पुरा झाला तेव्हा रेघोबा चार पावलं मागे सरकून त्याच्याकडे बघत राहिले. समाधान झालेल्या माणसाला चहा लागतो. भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात पाटी होती, 'नकाशापाशी चहा आणू नये.' पण ही पाटी इतरांसाठी, असं रेघोबांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी कप आणला आणि सरहद्दीच्या खांब नंबर नऊजवळ, जिथे नुसतं सपाट कुरण असल्यामुळे कागद कोरा होता, तिथे अलगद ठेवला. एक घोट घेतला. कप उचलून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या हाताने, सांडलेल्या चहात उभी असलेली डोळ्यांच्या औषधाची बाटली घेऊन, थेंब घालून, तीही नेमकी तिथेच टेकवली. डोळे मिटून ते पाच मिनिटं बसले. तेवढ्यात दोन्हीकडचे शिक्केवाले आले, त्यांनी चार कोपऱ्यांवर आठ शिक्के मारले, बाटली बाजूला सारून, मधल्या कागदाकडे न बघता सुरळी केली आणि घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी लांबलचक टेबलावर नकाशा उलगडला. एका बाजूला आपले मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला पलीकडचे साहेब, दोघांच्या मागे ओळीने माणसं. रेघोबा टोकाला, पेन्सिल कानावर लावून बसलेले. तिथून त्यांची नजर खांब नंबर नऊवर गेली आणि तिथेच खिळली.

नकाशात उंचवटा दाखवायचा तर तपकिरी रेघेची कडी काढतात, एकात एक. आणि कुरणात दोन सुरेख तपकिरी कडी होती, कपाचं मोठं आणि बाटलीचं धाकटं. रेघोबांनी सव्वीस वर्षांत इतकी गोल टेकडी काढली नव्हती.

पुसून टाकतील, निदान विचारतील तरी, असं त्यांना वाटलं. पण दोन्ही साहेबांपैकी एकाने जन्मात सरहद्द पाहिलेली नव्हती, आणि दुसऱ्याने फक्त गाडीतून. आपल्या साहेबांनी घसा साफ केला, काहीतरी बोलायचं म्हणून त्या कड्यांवर बोट ठेवलं आणि ही टेकडी पहिल्यापासून आमच्या सुरक्षेचा कणा आहे असं सांगून टाकलं. पलीकडच्यांनी ताबडतोब हरकत घेतली. कणा त्यांच्या सुरक्षेचा होता. आपल्या साहेबांनी तिघा जवानांना बोलावलं; तिथे वारा फार असतो असं तिघांनीही सांगितलं. पलीकडून एक म्हातारे कर्नल काठी टेकत उभे राहिले. तरुणपणी आपण त्या टेकडीच्या माथ्यावर पूर्ण हिवाळा काढला होता, असं त्यांनी भरल्या आवाजात सांगितलं. रेघोबांनाही गलबलून आलं, मग आठवलं की तो आपला चहा आहे.

जेवणाच्या सुट्टीत ते आपल्या साहेबांना एकटं गाठून सगळं खरं बोलून गेले. कप, बाटली, पाटी, काही लपवलं नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी आत्ता दीड तास त्या टेकडीवर बोललो," ते म्हणाले. "माझी तीन माणसं तिथे वाऱ्यात उभी राहून आलीत. आणि तुम्ही मला सांगताय की तो कप होता?"

"हो साहेब. बशी घेतली असती तर झालं नसतं."

"रेघोबा, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," साहेब म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आता करायचं काय? शिक्का बसलेल्या नकाशात बदल करायचा तर दोन्ही देशांच्या सह्यांचा अर्ज लागतो, आणि अर्जात कारण लिहावं लागतं. रेघोबांच्या डोळ्यांसमोर हिरव्या बाह्या नाचायला लागल्या. सभागृह रिकामं होतं. त्यांनी रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, श्वास रोखला आणि बाहेरच्या कड्याची कड हलक्या हाताने टिपली. रेघ पुसली गेली नाही, पसरली. घाबरून त्यांनी आणखी एकदा टिपलं. टेकडीला एक लांबट सोंड फुटून ती सरहद्दीची रेघ ओलांडून पलीकडे उतरली.

सुट्टीनंतर हे पहिल्यांदा पलीकडच्या साहेबांच्या लक्षात आलं. सकाळपेक्षा टेकडी आमच्या हद्दीत पुढे सरकली आहे, असं त्यांनी थंडपणे नोंदवलं. आपल्या साहेबांनी ती पहिल्यापासूनच तशी आहे, फक्त उजेड पडला म्हणून आता दिसते, असं उत्तर दिलं. मग पलीकडचे म्हणाले की सोंड आमच्याकडे असेल तर अख्खी टेकडी आमची. आपले म्हणाले, पोट आमच्याकडे आहे. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे कागद आवरायला लागले. बोलणी मोडणार, फाटक बंदच राहणार, आणि त्याचं कारण एक कप चहा! रेघोबांना उभ्या आयुष्यात इतकं कानकोंडं वाटलं नव्हतं. ते उठले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता बोलले.

"साहेब," ते दोघांनाही म्हणाले, "एकदा जागेवर जाऊन बघितलं तर?"

त्यांचा हिशेब सरळ होता. तिथे टेकडी नाही हे सगळ्यांना दिसेल, चूक आपली म्हणून आपण कबूल करू, नोकरी गेली तर जाईल, फाटक तरी वाचेल. आणि साहेब नाही म्हणाले असते तर टेकडीला घाबरल्यासारखं दिसलं असतं. दोन्ही साहेबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंच्या गाड्या खांब नंबर नऊपाशी येऊन थांबल्या. समोर कुरण, पोळपाटासारखं सपाट. दूरवर एक म्हातारी चार शेळ्या चारत होती. दोन देशांची चाळीस माणसं गाड्यांतून उतरली आणि कुणीच काही बोलेना. पहिला बोलेल त्याने काल खोटं सांगितल्याचं ठरेल, हे सगळ्यांना कळत होतं. तिघा जवानांना वारासुद्धा सापडेना. रेघोबांनी कबुलीजबाब द्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात म्हातारे कर्नल पुढे झाले. आयुष्यभराचा मान पणाला लागलेला तो माणूस. त्यांनी काठी रोवली, अंग पुढे झुकवलं आणि चढ चढायला सुरुवात केली. दहा पावलांवर थांबून धापा टाकल्या. पुन्हा दहा पावलं. रेघोबांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग आपले मोठे साहेब विजारीचे पाय जरा वर ओढून कर्नलच्या मागून निघाले, त्यांच्यामागून पलीकडचे साहेब, आणि पाठोपाठ सगळेच. चाळीस माणसं सपाट गवतावरून वाकून, दमून, एकमेकांना हात देत चढत होती. शेळ्यांनी चरणं थांबवलं.

कर्नल एके ठिकाणी थांबले. म्हणजे माथा आला होता. पलीकडच्या साहेबांनी घाम पुसला.

"इथून तुमची बाजू सगळी दिसते," ते म्हणाले.

"तुमचीही दिसते," आपले साहेब म्हणाले. "काही लपत नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आणि माथ्यावरून दोन्ही बाजू दिसत असतील तर सरहद्दीवरचे नऊ टेहळणी बुरूज, काटेरी तारा, रात्रीचे दिवे कशाला, हा प्रश्न तिथेच, उभ्या उभ्या निघाला. तासाभरात ठरलं. टेकडी दोघांची. माथ्यावर एक चौकी, तिच्यात दोन खुर्च्या, एक इकडची, एक तिकडची. आठवड्याभरात फाटक उघडायचं. सह्या रेघोबांच्या पाठीवर कागद ठेवून झाल्या.

परतताना पलीकडच्या साहेबांनी आपल्या साहेबांचा दंड धरला. "सांभाळून," ते म्हणाले. "उतार आहे."

रेघोबा सगळ्यांच्या मागे राहिले होते. म्हातारी शेळ्या वळवत त्यांच्यापाशी आली आणि एवढी माणसं काय शोधायला आली म्हणून तिने विचारलं. तिच्याशी खोटं बोलवेना. त्यांनी टेकडी म्हणून सांगितलं.

"इथे? टेकडी?" तिने सगळीकडे नजर फिरवली. "फाटक उघडणार का?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग असू दे की," म्हातारी म्हणाली आणि शेळ्यांना घेऊन, थोडा वळसा घालून, निघून गेली.

फाटक उघडलं. स्वेटर पोरीला दंडात जरा घट्ट झाला, पण तिने तो अंगावरून काढू दिला नाही, आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की फाटकावरच्या पहारेकऱ्यांनी तोंडं फिरवली. रेघोबांना कचेरीतून शाबासकीचं पत्र मिळालं, बिनचूक कामाबद्दल. ते त्यांनी फ्रेम करून न लावता कपाटात खाली घातलं. भिंतीवरच्या पाटीखाली मात्र एक ओळ वाढवली, 'हे मलाही लागू.'

पण करारात एक कलम आहे. कोणत्याही देशाने टेकडी गुपचूप उंच करू नये म्हणून वर्षातून एकदा तिची उंची मोजायची, आणि मोजायची ती रेघोबांनीच. परवा ते पहिली मोजणी करून आले, फीत, काठी, वही सगळं घेऊन. टेकडी तसूभरही वाढलेली नव्हती. दारातच बसून त्यांनी बूट काढले आणि पोटऱ्या दाबायला घेतल्या.

बायकोने चहाचा कप बशीत ठेवून पुढे केला. "एवढे दमलात?"

"अगं," रेघोबा म्हणाले, "चढ काय कमी आहे का?"