पत्रकात नसलेला गडी

शोकसभेत उभं राहून हरकत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या भांडुपच्या सोसायटीतले, माझ्या समोरच्या दाराचे परबकाका.

मुलुंडला एका जुन्या कबड्डीपटूची शोकसभा होती. हार घातलेला फोटो, उदबत्तीचा धूर आणि माइक हातात आलेले एक पाहुणे. "काय त्यांची चढाई! वाघ होता, वाघ!" पाहुणे अगदी रंगात आले होते. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "खंयच्या मॅचीत?"

काका उभे राहिले होते. "तो उजवा कोपरा होता. पकडीचा माणूस. चढाईला जायचाच नाही, आणि गेला तेव्हा तेव्हा धरला गेला. त्याने घोटे कसे धरले ते सांगा ना! उगाच कायच्या काय कशाक सांगतास?"

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पण पहिल्या रांगेतल्या त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती चक्क हसली. "खरं आहे हो," ती म्हणाली. "हे स्वतःच सांगायचे, चढाईत माझी कायम वाट लागायची." मग काकांनी माइक घेतला आणि त्या माणसाच्या पकडी एकेक करून सांगितल्या. कोणाला धरलं, कुठल्या पायाला धरलं, धरताना स्वतःचं कोपर कसं सोललं. पाहुणे मुकाट्याने खाली जाऊन बसले.

काका स्वतः कधी कबड्डी खेळले नाहीत. लहानपणापासून दमा. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणणं सोडा, दुसऱ्या मजल्यावर येताना ते मध्ये एकदा थांबतात. ते गुणलेखक होते. मैदानाच्या कडेला टेबल टाकून कोणी किती गुण घेतले, कोण बाद झाला, हे गुणपत्रकात लिहायचं. त्या काळी गिरण्या, कंपन्या पोरांना कबड्डीवर नोकरी द्यायच्या. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर सराव, पगार खेळाचा. काका अशाच एका कंपनीत टपाल विभागात होते आणि संध्याकाळी त्या टेबलावर. पत्रकांच्या कार्बन प्रती आजही त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत. "माझ्या लग्नातल्या साड्या माळ्यावर आणि हे कागद ट्रंकेत," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ती खेळाडूंची पिढी हल्ली भराभर चालली आहे. बातमी आली की काका पांढरा शर्ट इस्त्रीला देतात आणि माझी बेल वाजवतात. "तुझी स्कूटर आहे ना रे? मग चल." मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता इतक्या घोटापकडी ऐकून झाल्यात, की ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझी नजर आधी लोकांच्या घोट्यांकडे जाते.

भाषणाआधी तपशील पक्का करायला काका हयात असलेल्यांना फोन लावतात. "त्या फायनलला तू डावीकडे होतास ना रे?" एवढंच विचारतात बिचारे. पण परबांचा फोन आला की त्या घरात म्हाताऱ्याचं बीपी तपासतात, असं मला एका सुनेनेच सांगितलं.

तर अशा काकांकडे एका रविवारी सकाळी वैशाली आली. काकांच्याच कंपनीच्या संघातला बाळा मेस्त्री गेल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती. ही त्याची मुलगी. हातात फ्रेम केलेला संघाचा फोटो. मागच्या रांगेत अगदी कडेला बाळा. "काका, बाबा काही बोलायचे नाहीत हो खेळाबद्दल. मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलेय, माझे बाबा कंपनीकडून खेळायचे. शनिवारी शोकसभेला सासरची माणसंही येतील. तुम्ही बोला ना. कुठल्या कुठल्या मॅचला होते, कसे खेळायचे, सगळं."

काका "हो" म्हणाले. ती फोटो ठेवून गेल्यावर त्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाळा राखीव होता रे. नऊ वर्षं राखीव. एकदाही उतरला नाही."

ट्रंक बाहेर निघाली. दुपारपर्यंत पलंग, खुर्च्या, गॅसचा ओटा, सगळीकडे पत्रकं. जो मैदानात उतरतो त्याच्याच नावापुढे खूण होते. बाळाच्या नावापुढे कुठेही काही नव्हतं.

"दोन मिनिटं उतरला होता म्हणून सांगा ना," मी म्हणालो. "कोण तपासायला येतंय?"

"कोणाच्या जागी उतरला?"

"कोणाच्याही!"

"ज्याच्या जागी म्हणशील तो समोर बसलेला असेल मेल्या. आणि नसला तरी मी खोटं बोलणार नाही. तिने तिचा बाप मागितलाय, कोणी दुसरा नको तिला."

मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता आणि हे म्हातारं पत्रकाला चिकटून बसलेलं. तरी पुढचे तीन दिवस ऑफिसातून लवकर सटकून मी त्यांना घेऊन फिरलो. जुना एकेक गडी गाठायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "बाळा मेस्त्री काय करायचा?" दोघांना नावच आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मालाडला जाधव भेटले. संघाचा डावा कोपरा. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. "बाळा? तो कुठे खेळायचा?" असं म्हणून ते चहा ओतायला लागले आणि मध्येच थांबले.

"परब, सरावाला आम्ही धरायचो कोणाला रे? आपल्या चढाईपटूंना जपायला लागायचं, त्यांचा पाय मोडला तर संपलं. मग बाळा यायचा. बाकावर बसून तो समोरच्या संघाचे चढाईपटू बघून ठेवायचा. कोण आधी कुठला पाय टाकतो, कोण कुठे वळतो. आणि दुसऱ्या दिवशी हुबेहूब तसाच यायचा आमच्या अंगावर. 'ये, धर' म्हणायचा. माझी घोटापकड लोक बघायला यायचे ना? ती मी बाळाच्या पायावर शिकलो."

काकांनी खिशातून कागद काढला, पण लिहिलं काहीच नाही.

शनिवारी हॉल भरला होता. वैशाली पहिल्या रांगेत, सासूच्या शेजारी. काकांनी माइक घेतला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "बाळा मेस्त्री नऊ वर्षांत एकदाही मैदानात उतरला नाही."

वैशालीने मान खाली घातली. तिच्या सासूने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, उठून काकांच्या हातातला माइक काढून घ्यावा.

पण काका थांबले नाहीत. जाधवांनी सांगितलेलं सगळं त्यांनी सांगितलं. न सजवता, पत्रक वाचावं तसं. मग चष्मा काढून म्हणाले, "इथे जुने गडी बसलेत. जे बाळाच्या पायावर पकड शिकले, त्यांनी उभं राहायचं. खोटं कोणी उभं राहायचं नाही."

आधी जाधव उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरून, हळूहळू. मग मागून एक उठला, भिंतीकडचा एक उठला. काठी टेकत, एकमेकांच्या खांद्याला धरत पाच-सहा म्हातारे उभे राहिले. त्यांतल्या एकाला बाळाचं नावही आठवत नव्हतं, हे त्याच आठवड्यात त्याच्या घरी मी ऐकलं होतं. त्याचे डोळे आता वाहत होते.

वैशाली उठली आणि सरळ जाधवांकडे गेली. "बसा काका, गुडघे दुखतील," एवढंच तिला म्हणता आलं, आणि तिने त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकलं. मीही रडलो. कशाला लपवू?

सभा संपल्यावर काका दिसेनात. बाहेर आलो तर पायरीवर बसले होते, एका पायात चप्पल घातलेली, दुसरी हातात.

"काका, झकास बोललात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "राखीवांचा बाक गुणलेखकाच्या टेबलाला लागूनच असतो रे. वारा सुटला की माझे कागद उडायला लागायचे, आणि बाजूने एक हात यायचा. दाबून धरायचा. दरवेळी. मी कधी मान वळवून बघितलं नाही, एखादा गुण चुकेल म्हणून."

चप्पल त्यांच्या हातातच राहिली.

"नऊ वर्षं शेजारी होता तो. आणि मला वाटायचं, तिथे मी एकटाच बसलोय."