आईचा आवाज वजा केला, त्याची गोष्ट

एकाच वेळी तिघे बोलत असले, तरी त्यातला प्रत्येक आवाज मी स्वच्छ वेगळा काढून दाखवीन, असं मी पैजेवर सांगत असे. आमच्या अंधेरीच्या कंपनीत सांगत असे, बाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगत असे, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याला फडकं बांधलेलं असतानासुद्धा सांगत असे. सत्त्याऐंशी साल होतं. टेलिफोनसाठी नंबर लावून लोक म्हातारे होत होते, आणि मी तारेशिवाय, एकाच लहरीवर, तिघांना एकदम बोलायला लावणार होतो.

याला फार डोकं लागत नाही. धोब्याकडे अख्ख्या बिल्डिंगचे कपडे एका ढिगात पडतात. पण प्रत्येक घराची खूण वेगळी, म्हणून पाटकरांचा लेंगा पाटकरांकडेच परत जातो. तसा आमचा प्रत्येक वायरलेस सेट बोलणाऱ्याच्या आवाजावर आपली खूण उमटवतो. हवेत होऊ दे सगळ्यांचा ढीग. आपण खूण बघायची आणि आपला कपडा उचलायचा. झालं!

या ‘झालं’वर माझी नोकरी टांगलेली होती. आमचे साहेब, श्यामसुंदर पाठारे, म्हणाले होते की सरकारी समितीचे टिपणीस प्रयोग बघायला येतील. त्यांना पटला की तू कायम. आणि कायम म्हणजे पवईला कंपनीचं क्वार्टर! दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर आणि खिडकीतून तलाव.

आम्ही तेव्हा अंधेरीत एका खोलीत राहत होतो. मी, माझी बायको अनुपमा आणि आई. आता आईचा आवाज हा गावी खाडीपलीकडच्या होडीवाल्याला थांबवण्यासाठी घडलेला. तो दहा बाय बाराच्या खोलीत मावत नसे. म्हणून मी मनाशी एक बेत केला होता. क्वार्टर मिळालं की आई घाटकोपरला, थोरल्या भावाकडे, धोंडूदादाकडे. हे मी फक्त अनुपमाच्या कानावर घातलं होतं. त्यावर ती काहीतरी म्हणाली होती. काय, ते मला ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात आई बोलत होती.

पाठारे साहेबांनी एक अट घातली. सेट इंजिनियरांच्या हातात द्यायचे नाहीत, साध्या माणसांच्या हातात द्यायचे. म्हणजे कोणालाही जमतं हे टिपणिसांना कळेल. म्हटलं, साधी माणसं घरात भरपूर आहेत. एक सेट आईला, एक अनुपमाला, आणि तिसरा आमचा शेजारी क्लेमेंट याला. क्लेमेंट बेकरीत कामाला, मूळचा मढचा, स्वभावाने पावासारखा मऊ.

पहिल्या दिवशी तिघांना कंपनीच्या गच्चीवर उभं केलं आणि सांगितलं, तिघांनी एकदम बोलायचं, थांबायचं नाही. जी माणसं एरवी आमच्या खोलीत एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, त्या माणसांना त्या दिवशी संस्कार आठवले. आई बोलायला लागली आणि बाकीचे दोघे हाताची घडी घालून उभे. अनुपमाला विचारलं, तर म्हणे सासूबाई बोलताहेत, मध्येच कसं बोलू? क्लेमेंट म्हणाला, मोठं माणूस बोलत असताना बोललो तर मम्मी मला स्वर्गातून चप्पल फेकून मारेल. आई थांबली की दोघे एकमेकांना ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ करत बसायचे. मी डोक्याला हात लावला. अख्ख्या जगात हा प्रयोग सभ्यपणापायी फसला असेल तर तो फक्त आमच्या गच्चीवर!

मग तिघांना लांब लांब नेलं. आई गच्चीवरच राहिली. क्लेमेंटला वर्सोव्याला पाठवलं आणि अनुपमाला खाडीपलीकडे मढला, क्लेमेंटची बहीण व्हायोलेट हिच्या घरी. आता कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिघे मोकळेपणाने बोलले. आईने तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे झणझणीत कालवणाची, कृती सांगितली. क्लेमेंटने पावांचे प्रकार मोजले. अनुपमा काय बोलली ते कळलंच नाही.

कारण आईचा सेट. प्रत्येक सेटला जोर कमीजास्त करायचं एक बटण होतं. आवाज पकडायचं यंत्र कंपनीत होतं, म्हणून जवळच्याने ते कमी ठेवायचं, लांबच्याने पूर्ण फिरवायचं. आईला मी हे रोज समजावलं आणि आईने ते रोज पूर्ण फिरवलं. तिची आयुष्यभराची सवय म्हणजे गावी ट्रंककॉल लावायचा. त्यात जो ओरडेल त्याचंच पोचतं. मी बटणावर चिकटपट्टी लावली, ती तिने सोलून काढली. “माज्या घोवान सुद्धा माका कधी हळू बोल म्हणून सांगूक नाय,” ती म्हणाली. वडिलांना बोलायची संधी मिळाली असती तर त्यांनी सांगितलं असतं, पण तो विषय वेगळा.

परिणाम असा, की ढिगावर आईची चादर पसरली जाई आणि खाली अनुपमाचा रुमाल कुठे गडप होई. खूण होती, पण दिसायची कोणाला? रोज संध्याकाळी अनुपमा मढहून यायची, आपला आवाज आला का विचारायची आणि मी वैतागून ‘नाही’ म्हणायचो. शेवटी ती विचारायचीच थांबली. प्रयोगाच्या दिवशी नेमून दिलेले पाढेच म्हण, असं मी बजावलं, तर म्हणाली, जे कोणाला ऐकूच येत नाही ते पाढे असले काय आणि नसले काय.

आणि आदल्या दिवशी दुपारी मला उपाय सापडला. आई ऐकत नाही ना? नको ऐकू दे. सगळ्यात मोठा आवाज आधी ओळखायचा आणि ढिगातून तोच वजा करायचा. चादर काढली की खाली सदरा, सदरा काढला की रुमाल! कॉम्प्युटरला तसं शिकवलं. माझ्या अकलेवर मी इतका खूष झालो, की घरी कोणाला काही सांगितलंच नाही. म्हटलं, उद्या अनुपमाला स्वतःचा आवाज ऐकवून चकित करू.

टिपणीस आले. बारीक डोळ्यांचे गृहस्थ, प्रत्येक गोष्टीकडे बनावट नोटेकडे बघावं तसे बघत होते. ठरल्या वेळी तिघे आपापल्या जागेवरून बोलले आणि ती सरमिसळ आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरली. आमचा कॉम्प्युटर कपाटाएवढा मोठा आणि स्वभावाने सरकारी. त्याचं उत्तर यायला जेवणवेळ उलटून गेली. तोवर मढहून अनुपमा आणि वर्सोव्याहून क्लेमेंट परत आले, आई गच्चीवरून खाली आली आणि सगळे त्याच खोलीत चहा घेत बसले.

पहिला आवाज आईचा. तिखल्याची कृती, तिरफळांसकट. आईने सगळ्यांकडे अभिमानाने पाहिलं. मग ‘आता आई वजा’ असं मी जाहीर केलं आणि क्लेमेंट आला, ब्रून, कडक, लादी. टिपणीस म्हणाले, हे तुम्ही आधी टेप करून ठेवलं नाही कशावरून? पाठारे साहेबांना घाम फुटला. मी म्हटलं, थांबा, अजून तिसरा आहे. मढचा.

अनुपमाने कप बशीत ठेवला. “तो येतो?” तिने विचारलं.

तो आला. स्वच्छ, एकेक शब्द वेगळा.

“अहो, ऐकताय का? छे, तुम्हाला कुठलं ऐकू येणार. ते बरंच आहे. ते तुमचे पाठारे साहेब जेवायला येतात ना, ते पापलेटाचा मधला तुकडा न विचारता उचलतात. आणि मी कोणाकडे बोलू? आणि तुम्ही, क्वार्टर मिळालं की आईंना घाटकोपरला धाडायचं म्हणता. मला ते मुळीच मान्य नाही. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. आईंचा आवाज मोठा आहे, पण निदान त्या माझ्याशी बोलतात. तुम्ही घरी आलात की नुसतं ‘हं’ करता. त्या गेल्यावर मी काय भिंतीशी बोलू?”

पुढे ती रडली. माझ्या यंत्राने हुंदकासुद्धा नीट वेगळा काढला.

 पाठारे साहेब छताकडे बघत होते. अनुपमा पदराने तोंड झाकून बसली होती, आणि मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी आभार मानले असते. पहिल्यांदा हसले ते टिपणीस. हे कोणी आधी टेप करून ठेवणार नाही, असं म्हणून त्यांनी पाठारे साहेबांचा हात हातात घेतला आणि प्रयोग मंजूर केला.

आईने कप खाली ठेवला.  मग हळूच म्हणाली, “चंद्या, आधी माका वजा केलंस, आणि मगे घाटकोपराक धाडतलंस?” ती हळू बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. ओरडली असती तर परवडलं असतं.

घरी जाताना बसमध्ये दोघी माझ्या पुढच्या सीटवर बसल्या आणि डोक्याला डोकं लावून कुजबुजत राहिल्या. मी कान टवकारून बसलो होतो. एक शब्द कळला नाही.

मी कायम झालो. क्वार्टरही मिळालं. खिडकीतून तलाव दिसतो, वारा छान येतो, आणि आईच्या आवाजाला आता दोन खोल्या आहेत, असं अनुपमा सांगते. मला दर रविवारी जेवायला बोलावतात. परवाच्या रविवारी पापलेट होतं. मधला तुकडा आईने अनुपमाला वाढला. जेवण झालं, मी जरा लोडाला टेकलो, आणि तेवढ्यात दोघी एकदम बोलायला लागल्या. एका दमात, एकाच वेळी, आणि तरी यंत्राशिवाय मला दोन्ही आवाज स्वच्छ वेगळे कळले.

आई म्हणत होती, “बस चुकतली, नीघ आता.”

अनुपमा म्हणत होती, “बस चुकेल, निघा आता.”

घाटकोपरची बस. धोंडूदादा रात्री माझ्यासाठी जेवायला थांबत नाही.