शेवटच्या माणसाचा भाऊ

दिग्दर्शक संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी सदऱ्याला इस्त्री करत होता, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका सभ्य होता की त्याला आधी वाटलं, बँकेतून कुणीतरी कर्ज घ्या म्हणून गळ घालणार.

"तुमच्या फिल्मचं पोस्टर पाहिलं, संध्याकाळी यायचा विचार आहे," आवाज म्हणाला. "दादाचा फोटो झकास आलाय. खाली 'शेवटचा टोपवाला' असं लिहिलंय, तेवढं कळलं नाही. टोप तर मीही बनवतो. मग मी कितवा?"

आपण कोण, असं दिग्दर्शकाने विचारलं.

"त्यांचा धाकटा भाऊ. आपण भेटलोय की. शूटिंगच्या वेळी तुम्ही माझ्या दुकानात आला होतात. ठोकठोक जरा बंद ठेवा म्हणालात. मी ठेवली होती."

दिग्दर्शकाला ती ठोकठोक आठवली. पुढच्या क्षणी जळका वास आला. इस्त्री सदऱ्यावर तशीच राहिली होती आणि बाहीवर तिचा हुबेहूब फोटो निघाला होता.

नाटकातले राजे, म्हातारे, वेडे आणि विधवा यांच्या डोक्यावर जे केस असतात, ते केसांचे टोप हाताने विणणारा एक म्हातारा दिग्दर्शकाला सापडला होता. त्याच्यावर त्याने माहितीपट केला होता. माहितीपटांच्या दुनियेत 'शेवटचा' या शब्दाला जी किंमत आहे ती सोन्याला नाही. शेवटचा घंटा ओतणारा, शेवटचा दीपगृहवाला, शेवटचा अमका. माणूस जिवंत, खातापिता, चारचौघांत वावरणारा असेल तर या लोकांना त्याच्यात रस नसतो. तो एकटा हवा, थकलेला हवा आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात बसलेला हवा. टोपवाले काका तिन्ही होते. शिवाय त्यांच्या टकलावर उजेड असा काही पडायचा की कॅमेरामन हातातली सिगारेट विसरायचा.

घोटाळा ठोकठोकीने केला होता. काका कॅमेऱ्यासमोर जड आवाजात "माझ्यामागे या कामात कुणी नाही" म्हणायचे, आणि नेमकी त्याच वेळी भिंतीतून ठक, ठक, ठक सुरू व्हायची. ध्वनिमुद्रक कानावरचे हेडफोन काढून कपाळाला हात लावायचा. शेवटी दिग्दर्शक स्वतः शेजारच्या दुकानात गेला. तिथे एक टकला माणूस मांडीवर लाकडी डोकं घेऊन, ओठांत बारीक खिळे धरून, त्या डोक्यावर ताणलेल्या जाळीत एकेक खिळा ठोकत होता. बाजूला केसांच्या जुड्या लटकत होत्या. दिग्दर्शकाने हात जोडले, इथे शेजारी फार महत्त्वाचं चित्रीकरण चाललंय म्हणाला, आणि शांतता मिळवून परत आला. "काय चाललंय तिकडे?" ध्वनिमुद्रकाने विचारलं. "कसलंतरी सुतारकाम," दिग्दर्शक म्हणाला.

डोळे उघडे ठेवून जगाकडे बघणं हा या माणसाचा धंदा होता.

आज संध्याकाळी सभागृहात फिल्म दाखवायची होती. त्यानंतर तीन माहितीपटकारांची 'वास्तवाशी इमान' या विषयावर चर्चा होती, आणि पहिल्या रांगेत बसलेली निवड समिती एक फिल्म निवडून परदेशातल्या महोत्सवाला पाठवणार होती. फिल्म गेली तर दिग्दर्शकाला लोक दिग्दर्शक म्हणणार होते. नाही गेली तर उद्यापासून पुन्हा कारखान्यांसाठी 'आग विझवण्याचं नळकांडं कसं वापरावं' अशा फिल्मा. त्यातलं नळकांडं आता त्याच्या स्वप्नात येऊन बोलायला लागलं होतं.

तो धावत मागच्या खोलीत गेला. तिथे त्याची बायको बसली होती. त्याच्या सगळ्या फिल्मांचं संकलन तीच करायची. श्रेयनामावलीत तिचं नाव तो बारीक अक्षरात टाकायचा, कारण घरातलंच माणूस. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. तिने संगणकावरची नजरही हलवली नाही.

"मी विचारलं होतं तुला, ही ठोकठोक कसली. तू म्हणालास, पार्श्वभूमीचा आवाज आहे, काढून टाक. मी काढला. आता पार्श्वभूमी फोन करायला लागली."

"आता काय करू ते सांग."

"स्टेजवर उभा राहा आणि सांग. माझं चुकलं म्हण. जीभ झडत नाही त्याने."

"निवड समितीसमोर?"

"मग काय घरी येऊन मला सांगणार आहेस? मला माहितीये."

असले सल्ले द्यायला बायकोचं काय जातंय, असं त्याच्या मनात आलं. तो तडक टोपवाल्या काकांकडे निघाला, आणि वाटेत आणखी एक घाण करून बसला. धाकट्या भावाला येऊ नका म्हणून विनवावं म्हणून त्याने फोन लावला. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त नम्र होतो. येऊ नका म्हणता म्हणता तो "अवश्य या" म्हणाला, आणि वर "पास दाराशी ठेवतो, पहिल्या रांगेचा" असंही म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने रस्त्यातच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. समोरून येणारा सायकलवाला उतरून बाजूने गेला.

काका आरशासमोर उभे होते. समारंभासाठी त्यांनी स्वतःला एक टोप चढवला होता. काळाभोर, दाट, मधोमध भांग. सगळी फिल्म ज्या टकलावर उभी होती ते टक्कल गायब झालं होतं.

"काका, तुम्हाला भाऊ आहे?"

"होता."

"वारले?"

"नाही. बोलत नाही."

भांडण कशावरून, ते काकांनी सविस्तर सांगितलं. टोपाची जाळी भिजवून ताणायची की कोरडी, या एका मुद्द्यावर दोघा भावांनी मधली भिंत बांधून दुकान वाटून घेतलं होतं. काकांच्या मते कोरडी जाळी ताणणारा माणूस टोपवाला नव्हेच. म्हणून ते त्याला मोजत नव्हते.

"पण तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणालात, माझ्यामागे कुणी नाही."

"मागे नाहीच. तो बाजूला आहे."

संध्याकाळी तो सभागृहाच्या मागच्या खोलीत पोचला तेव्हा चर्चेतले बाकी दोघे आधीच येऊन बसले होते. एक दाढीवाले ज्येष्ठ, ज्यांनी शेवटच्या दीपगृहवाल्यावर फिल्म करून नाव कमावलं होतं, आणि एक चष्मेवाल्या बाई, ज्यांच्या घंटा ओतणाऱ्या म्हाताऱ्याने निम्म्या जगाला रडवलं होतं. दोघं कलेवर बोलत होते. माहितीपटवाल्याने वास्तवाला हात लावू नये, नुसतं पाहावं, असं दाढीवाले म्हणत होते. बाई डोळे मिटून मान डोलवत होत्या. दिग्दर्शकाने चाचरत, समजा असं धरून, विचारलं की एखाद्याच्या शेवटच्या माणसाला जोडीदार निघाला तर काय करावं.

दाढीवाल्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या दीपगृहात माणसं पाळीने यायची. चित्रीकरणापुरती त्यांनी एक सोडून बाकीच्यांना रजा काढायला लावली होती. "'शेवटचा' ही एक भावना आहे रे," ते म्हणाले आणि बिस्कीट खाल्लं. बाईंनी डोळे उघडले नाहीत, पण मान डोलवायची थांबवली. या दोघांच्या फिल्मा शाळांतून दाखवतात. पोरं निबंध लिहितात त्यांच्यावर.

पडद्याआडून दिग्दर्शकाने सभागृहात डोकावलं. स्वागताला उभ्या असलेल्या बाईंच्या हातात पोस्टर होतं. पोस्टरवर टक्कल होतं. दारातून आधी काका आले, काळ्याभोर केसांचे. त्यांना कुणी ओळखलं नाही. मागच्या रांगेत जागा आहे म्हणून सांगितलं. मग धाकटा भाऊ आला. तोच चेहरा, तेच टक्कल, हातात पहिल्या रांगेचा पास. त्याला फुलांचा गुच्छ मिळाला, आणि निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी उठून, दोन्ही हातांत त्याचा हात घेऊन, त्याला स्वतःशेजारी बसवून घेतलं.

दिग्दर्शकाने बायकोला शोधलं. ती पोस्टरांची गुंडाळी आणि त्याची पिशवी सांभाळत कोपऱ्यात उभी होती. त्याने हातवारे करून विचारलं, काय करू. तिने बोटाने स्टेज दाखवलं.

फिल्म सुरू झाली. सभागृहात रुमाल निघाले. अध्यक्षबाई पडद्याकडे बघायच्या, मग शेजारच्या टकलाकडे बघायच्या आणि पुन्हा रडायच्या. धाकटा भाऊ अवघडून गुच्छ मांडीवर धरून बसला होता. मागच्या रांगेत काका कधी खोकत होते, कधी मुद्दाम खोकत होते. शेवटच्या दृश्यात काका दुकानाचा दिवा मालवतात आणि भयाण शांतता पसरते. ती शांतता दिग्दर्शकाने शेजाऱ्याकडून मागून आणलेली होती. आता ती त्याच्या छातीवर येऊन बसली.

दिवे लागले. सूत्रसंचालकाने भिजल्या आवाजात शेवटच्या टोपवाल्याला स्टेजवर बोलावलं. टाळ्यांत धाकटा भाऊ उठला, कारण अध्यक्षबाई त्याला कोपराला धरून उठवत होत्या. त्याच्यासमोर माइक आला.

"मी तो नाही," तो म्हणाला.

या विनयावर टाळ्या आणखी वाढल्या.

"तो नाहीच तो," मागून काका ओरडले. "कोरडी जाळी ताणतो."

सगळ्या माना मागे वळल्या. काळ्याभोर केसांचा एक म्हातारा खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे येत होता आणि येता येता त्याने डोक्यावरचा टोप उपटून काढला. पोस्टरावरचं टक्कल उघडं झालं. आता सभागृहात शेवटचे टोपवाले दोन झाले होते.

सूत्रसंचालकाने स्टेजवर बसलेल्या दिग्दर्शकाकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी पाहिलं. दाढीवाले आपल्या बुटांकडे बघत होते. दिग्दर्शकाच्या डोक्यात एकाच वेळी तीन थापा तयार झाल्या आणि तिन्ही एकमेकींत अडकून बसल्या. कोपऱ्यात बायको उभी होती. ती त्याच्याकडे रागाने बघत नव्हती. तेच अवघड होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. मग नळ फुटावा तसं सगळं बाहेर आलं. ठोकठोक, जोडलेले हात, सुतारकाम. आपण माणूस शोधायला गेलोच नव्हतो, शेवट शोधायला गेलो होतो, असंही तो बोलून गेला. बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग अध्यक्षबाईंनी धाकट्याला आशेने विचारलं, "म्हणजे आता तुम्ही दोघंच उरलात का?"

"छे हो," धाकटा आनंदाने म्हणाला. "माझ्या मुलीनेही हेच काम धरलंय. तिच्याकडे शिकायला येतात चारजण. नाटकवाले आहेत, मालिकावाले आहेत, आजारपणात केस गेलेले लोक आहेत. मान वर करायला वेळ नसतो. देवाच्या दयेने जोरात चाललंय."

सभागृहाचं तोंड पडलं. कुणाचं तरी पोट चांगलं भरतंय, हे कळल्यावर एवढ्या सुशिक्षित माणसांना एकदम एवढं दुःख झालेलं त्या इमारतीने पाहिलं नसेल. मधल्या रांगेतल्या एका बाईंनी ओला रुमाल चिमटीत धरून पाहिला, फसवून गळ्यात मारलेल्या वस्तूकडे पाहतात तसा. "मग आम्ही रडलो कशासाठी?" कुणीतरी विचारलं, आणि त्यावर मात्र खऱ्या टाळ्या पडल्या. धाकट्याने अध्यक्षबाईंना लाजत विचारलं, आमच्या मुलीवर फिल्म होईल का. अध्यक्षबाई म्हणाल्या, जरूर, धंदा बसला की कळवा. दिग्दर्शकाला त्या म्हणाल्या, "कळवू." कळवू म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. चर्चा पुढे चालू राहिली. दाढीवाले वास्तवाशी इमान या विषयावर फार सुंदर बोलले.

बाहेरच्या व्हरांड्यात दोघे भाऊ जाळी भिजवण्यावरून हमरीतुमरीवर आले होते. इतक्या वर्षांनी बोलत होते, पण ते चित्रित करायला कुणी नव्हतं. दिग्दर्शक भिंतीला टेकून उभा होता. शेजारी बायको, हातात त्याची पिशवी. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि नळकांड्यांची फिल्म यावेळी जरा नीट करू म्हणाली. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात एका वाहिनीच्या बाई लगबगीने आल्या, मागे कॅमेरा घेऊन. त्यांच्या आवाजात थरथर होती.

"मी हादरले हो," त्या म्हणाल्या. "भर सभेत स्वतःची चूक सांगणारा माणूस. मला तुमच्यावर फिल्म करायचीये. अशी खरं बोलणारी माणसं तुमच्या क्षेत्रात आता राहिलीच नाहीत. का आहे अजून कुणी?"

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. दिग्दर्शकाने मान किंचित सभागृहाच्या खिडकीकडे वळवली. तिथला उजेड बरा होता. नजर लांब कुठेतरी लावली, आवाज जड केला.

"नाही," तो म्हणाला. "मी एकटाच."

चौकटीच्या कडेला पिशवी धरलेला एक हात येत होता. वाहिनीच्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं, "ताई, जरा बाजूला होता का?"

बायको बाजूला झाली. पिशवी तिने जमिनीवर ठेवली आणि जिना उतरून चालायला लागली. घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती.