कातडं काढू की राहू दे?

"कातडं काढू की राहू दे?"

हा प्रश्न आमचे पाटील डॉक्टर इतक्या सहज विचारत, जसं काकडी सोलायची की सालासकट चिरायची असं घरात कुणी विचारावं. समोर खुर्चीवर पेशंटची बायको बसलेली असे. नवरा पलीकडच्या खोलीत सीटी स्कॅनच्या यंत्रातून नुकताच बाहेर येऊन शर्टाची बटणं लावत असे. आणि इकडे पडद्यावर त्याचंच डोकं, राखाडी रंगाचं, डोळे मिटलेलं, पार टकलं. त्या यंत्राला केस दिसत नसत, त्यामुळे पेणमधला प्रत्येक माणूस आमच्या पडद्यावर टकलाच यायचा. बाई "अहो, नको नको" म्हणेपर्यंत डॉक्टरांनी माउस सरकवलेला असे. कातडं विरघळून जाई आणि आतून कवटी दात काढून हसू लागे.

एकदा एक बाई तिथल्या तिथे खुर्चीवरून घसरली. दुसरी मात्र पदर खोचून पुढे सरकली आणि म्हणाली, "काढा डॉक्टर. लगीन झाल्यापास्नं मना बघाचाच व्हता, डोक्यात काय हाय का नाय." डॉक्टर तिच्यावर इतके खूश झाले की तिला त्यांनी नवऱ्याचे सगळे दात एकेक करून दाखवले.

मी या सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करत असे. नव्वदचं दशक संपत आलेलं होतं. रोज सकाळी रोह्याहून एसटीने पेणला यायचं, डॉक्टर बोलतील ते उतरवून घ्यायचं आणि नीटनेटक्या इंग्रजीत टाइप करायचं, असं माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पाटील डॉक्टर बोलत काय, ते ऐका.

त्यांचं म्हणणं असं, की यंत्र माणसाचे काप करतं, पावाच्या लादीसारखे. कॉम्प्युटर ते काप पुन्हा जोडून अख्खा माणूस उभा करतो. याला एक चहा होईल एवढा वेळ लागायचा. मग त्या माणसाला हवा तसा फिरवायचा, वरून बघायचा, खालून बघायचा, एवढंच काय, आत शिरून चालत जायचं. आणि आत शिरलं की डॉक्टर ड्रायव्हर होत. "चला, पेण सुटलं!" पेण म्हणजे डोकं. "हा आला वडखळ नाका. इथे दोन रस्ते. हवा गेली अलिबागला, जेवण गेलं गोव्याच्या वाटेला. काका, तुमचा ठसका म्हणजे दुसरं काही नाही, तुमची गोव्याची गाडी अलिबागला वळते!" अलिबाग म्हणजे फुप्फुस होतं. पोटात पाणी साठलेलं दिसलं की "नागोठण्यात पूर आलाय". आणि जिथे लहान आतडं संपून मोठं आतडं सुरू होतं, ते माझं रोहा. "इथे लोकल लाइन संपली, कोकणची मोठी लाइन सुरू झाली." रोहा हे काही असंतसं गाव नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. ते म्हणत, "शैलाबाई, जंक्शनला मान असतो. राग कसला धरता?" आतड्याच्या जंक्शनचा मान मिळालेली रोह्याची मी एकटीच असेन.

त्यामुळे "वडखळला वाहतूक सुरळीत, नागोठणे कोरडं, रोह्याला थोडी गर्दी" असा मजकूर घेऊन मी टाइपरायटरसमोर बसे आणि त्याचं गळा, पोट, आतडं असं भाषांतर करे. घरी जाताना एसटी खरोखरच्या वडखळला थांबली की मला ठसका लागे.

बाकी माणूस एकटा. लग्न केलेलं नाही, मित्र फारसे नाहीत, सेंटरच्याच वर दोन खोल्यांत राहायचे. दुपारी जेवायच्या वेळी डबा घेऊन त्या पडद्याच्या खोलीत जात आणि दार लावून घेत. आम्हाला वाटे, डॉक्टर जेवतानासुद्धा कुणाच्या तरी आतड्यातून हिंडत असतील.

डॉक्टर मूळचे खाडीकाठच्या एका गावचे. आईवडिलांनी जन्मभर मिठागरावर मीठ ओढलं. वडील गेले, आई गावीच. पोराच्या पेणच्या घरी राहायला यायचं नाव नाही, कारण पेणला वारा नाही असं तिचं मत. सेंटरच्या उद्घाटनाला मात्र ती आली होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात पोह्याच्या पापडांची पिशवी. फीत कापून आत गेली, यंत्राच्या मोठ्या कड्याकडे बघितलं, फळीवर हात फिरवला आणि भर पाहुण्यांत लेकाला विचारलं, "हिरू, मुंडका कंय करून निजाचा?"

डॉक्टरांनी कड्याकडे बोट दाखवलं.

"ही तं उत्तर!" म्हातारी किंचाळली. "मेलेल्याचा डोका करतान हितं. जित्ती हाय तवर मी नाय निजनार, सांगून ठेवतंय."

पाहुणे हसले. डॉक्टर लाल झाले. आणि तिथून मायलेकांत उत्तरेचं युद्ध सुरू झालं. एखाद्या काकांनी फळीवर आडवं होताना चाचरत दिशा विचारली की डॉक्टर त्यांना पृथ्वी गोल असल्याचं पहिल्यापासून समजावून सांगत. चुंबक, ध्रुव, सूर्यमाला, सगळं. काका बिचारे अर्धवट शर्ट काढून सूर्यमाला ऐकत उभे. "विज्ञानाला दिशा नसते," हे डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य. ते आईच्या कानापर्यंत जावं एवढ्या मोठ्याने ते म्हणत. आई तर तिकडे खाडीकाठी होती.

या युद्धात खुद्द गणपती उतरला तो दत्तूशेटमुळे.

दत्तूशेट पेणचे मूर्तिकार. दुबईच्या गिऱ्हाइकाची हातभर उंचीची मूर्ती तयार होती, पण टिचकी मारली की आवाज बद्द येई. आत तडा असेल तर विमानात दोन तुकडे होणार, आणि भंगलेला देव परदेशी पोचणार, या काळजीने शेटना झोप नव्हती. "डॉक्टर, बाप्पाला तपासाल काय?" डॉक्टर आनंदाने उडालेच. यंत्रात देव घालायला मिळणं हे रोजरोज कुठे होतं? मला त्यांनी नावाच्या रकान्यात 'श्री. गणपती' टाइप करायला लावलं. वय विचारल्यावर शेट आणि डॉक्टर दोघेही विचारात पडले, म्हणून मी ते मोकळं सोडलं.

मूर्ती फळीवर ठेवायची वेळ आली आणि शेटनी दोन्ही हात आडवे केले. "डोकं उत्तरेला नाय हां डॉक्टर! देव हाय!"

डॉक्टरांनी सूर्यमाला काढली. पण गणपतीसमोर ती चालेना. शेवटी मूर्तीचं डोकं दक्षिणेला आणि पाय कड्याकडे, अशी तडजोड झाली. मूर्ती लहान, त्यामुळे तशी ती अख्खी आत जात होती. पाय आधी जाणार असतील तर यंत्राला तसं आधी सांगावं लागतं, नाहीतर ते पायांनाच डोकं समजतं. डॉक्टर आनंदाच्या भरात नेमकं तेच सांगायला विसरले.

चहा झाला. पडद्यावर बाप्पा उभा राहिला, तो शीर्षासनात. मोदक वर, मुकुट खाली.

"अरे देवा!" शेट म्हणाले. म्हणाले म्हणजे त्यालाच म्हणाले.

डॉक्टर गांगरले. मूर्ती सरळ फिरवायचं बटण सोडून त्यांनी घाईत शेजारचं दाबलं, जे चित्र आरशासारखं उलटं करतं. बाप्पा पायांवर आला खरा, पण डाव्या सोंडेचा होता तो उजव्या सोंडेचा झाला! आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही. पण पेणमध्ये शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, की उजव्या सोंडेचा गणपती फार कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळणं येरागबाळ्याचं काम नाही. शेट मटकन खाली बसले. "डॉक्टर, मी डावा दिलता तुमच्याकडं. तुमच्या मशीननं उजवा केला. आता दुबईत ह्याचा सोवला कोन पाळील?"

मी पळत जाऊन फळीवरची मूर्ती उचलून आणली. सोंड डावीच होती. शेटनी तिला दहा वेळा चाचपून पाहिलं, तरी पडद्याकडे बघायला तयार होईनात. तडा वगैरे काही नव्हता, माती जरा जाडसर लागली होती इतकंच. हे सांगितलेलं त्यांनी ऐकलंच नाही. पेणच्या बाजारात मात्र संध्याकाळपर्यंत झालं, की पाटील डॉक्टरच्या मशीनने देवाला उलटा टांगला.

बाजारातून हे खाडीकाठी पोचलं. तिकडून निरोप आला, "गनपतीनं सुदा उत्तरंला डोका केला नाय. मी काय देवापेक्सा मोठी हाय?"

आम्ही पोट धरधरून हसलो. डॉक्टरही हसले. आणि मग थोड्याच दिवसांनी म्हातारी मोरीत घसरून पडली.

लागलं काही नाही, असं ती म्हणाली. पण नंतर डोकं दुखू लागलं. दिवसा झोप येऊ लागली. एका रविवारी डॉक्टर गावी गेले तर तिने त्यांना त्यांच्या वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारली आणि मीठ भरलं का म्हणून विचारलं. सोमवारी डॉक्टर आले. दिवसभर वडखळ आलं नाही की नागोठणं आलं नाही. मला साधं, सरळ इंग्रजी सांगत होते, आणि ते टाइप करताना मला भीती वाटू लागली. पडल्यानंतर डोक्यात हळूहळू रक्त साठत असेल, तर वेळेत कळलं की ते काढता येतं. उशीर झाला की माणूस जातो. हे सगळ्या तालुक्याला सांगणाऱ्या डॉक्टरांची आई मात्र फळीवर यायला तयार नव्हती.

मुंबईला नेतो म्हणाले, तर तिचं उत्तर, "लेकाची मशीन आस्ताना मी परक्याच्या मशीनीन जाव? लोक काय बोलतील?" बरं, तिला गणपतीसारखी पायाकडून आत घालावी, तर फळी तेवढी आत जात नव्हती. माणसाचं डोकं कड्यापर्यंत पोचलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. यंत्र फिरवायचं आहे. कडं दक्षिणेला, फळी उत्तरेला. इंजिनियरने तीनतीनदा विचारलं, बिघाड काय आहे? डॉक्टर म्हणाले, "वारा नीट येत नाही." सेंटर बंद. फरशी फोडली, वायरी उपसल्या, दहा माणसांनी जोर लावून ते धूड गर्रकन वळवलं. रस्त्यावर ही गर्दी! डॉक्टरांचं डोकं फिरलं, असं लोक उघड म्हणत होते. दत्तूशेट तर नारळ घेऊन आले. त्यांना वाटलं, बाप्पाचं प्रायश्चित्त चाललंय.

मग आई आली. दारातच तिने उन्हाकडे बघून दिशा ताडली, आणि सरळ फळीवर जाऊन निजली.

चहा होईपर्यंत मी तिच्यापाशी बसले होते. मी रोह्याची म्हटल्यावर तिने माझा हात धरला. "माजा म्हायेर रोव्याचा. जल्मान येकच रस्ता पायलाय मी, पेन ते रोवा. हिरू डॉक्टरकी शिकाला गेला तवा मी इचारला, काय शिकतंस रं? त्याचा कायच मना कलना. मंग बोलला, आये, आपला रस्ता हाय न, तसाच मानसाचे आंगान हाय. वडकलला दोन वाटा..." तिने अख्खा रस्ता म्हणून दाखवला, न चुकता. मी तो रस्ता रोज टाइप करत होते. तो पहिल्यांदा कुणासाठी आखला गेला, हे मला तेव्हा कळलं.

पडद्यावर तिचं डोकं उभं राहिलं. "या बया, मी टकली!" म्हातारी खुदखुदली. मग वाट बघत राहिली. "काड न कातरा. सगल्यांचा काडतंस."

"नाय आये," डॉक्टर म्हणाले. "तुझं नाय."

त्यांनी नुसते काप एकामागून एक सरकवले. एका बाजूला कवटीच्या आतून चंद्रकोरीसारखा वेगळा पट्टा होता. डॉक्टरांनी तोच काप दोनदा पुढेमागे करून पाहिला. मग म्हणाले, "आये, पेणात पाणी शिरलंय."

"खाडीचा?"

"रक्ताचं. बांध जरासा फुटलाय. उघाडी करून पाणी बाहेर सोडायला लागंल."

मिठागरावर बांधात पाणी सोडायला जी झडप असते, ती उघाडी. म्हातारीने मान हलवली. "मंग सोर न. रडतंस कशाला?"

"मला ते येत नाय. मुंबईला जायला लागंल."

"तितं मुंडका कनच्या दिशेला करतान?"

"मी आधी जाऊन बघून येतो."

"बघून ये. आनि उत्तरंला आसंल तं फिरव."

डॉक्टर खरोखरच होकायंत्र घेऊन मुंबईला गेले. तिथल्या सर्जनला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण ऑपरेशनचं टेबल फिरवलं गेलं एवढं खरं. म्हातारी परत आली, हिरूला हिरू म्हणू लागली, आणि पेणला वारा नाही म्हणून लगेच गावी निघूनही गेली.

पुढे एकदा कॉम्प्युटरची डिस्क भरली. अशा वेळी जुने पेशंट पुसून टाकायचं काम माझं असे. दुपारची वेळ होती. लोटलेलं दार मी न वाजवता ढकललं. डॉक्टर डबा उघडून बसले होते. समोर पडद्यावर आईचा चेहरा होता, कातड्यासकट, जेवणाऱ्या माणसाकडे बघावं तसा त्यांच्याकडे वळवून ठेवलेला.

मी दारातच थबकले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "डॉक्टर, हे काढू की राहू दे?"

"राहू दे, शैलाबाई," ते घास हातात धरून म्हणाले. "जेवताना समोर कुणीतरी लागतं."