कानेलाचे चार नाल

रविवारी सकाळी मायदेली आपल्या लेकीला, लियाला, अळकुड्यांचा लगदा भरवत होती, तेव्हा तिचा नवरा ओस्मेल परसात ट्रकच्या ब्रेकच्या ड्रमला चार पाय जोडत होता. पाय पलंगाचे होते. पलंग सासऱ्यांचा होता.

"आज बाबा झोपणार कुठं?" तिनं खिडकीतून विचारलं.

"जमिनीवर. डॉक्टर म्हणतात, पाठीला बरं असतं."

"कुठले डॉक्टर?"

"कुठलेही. विचारलं तर हेच म्हणतील."

सासरे, म्हणजे एलादिओ, शेजारीच उलट्या बादलीवर बसून सिगार चावत होते. त्यांनी हरकत घेतली नाही. प्रकरणच तसं होतं. सोमवारी सकाळी आठ वाजता बायामो शहरातल्या घोडागाड्यांची वार्षिक तपासणी होती आणि ओस्मेलच्या घोडीच्या, कानेलाच्या, मागच्या डाव्या पायाचा नाल बुधवारी कुठंतरी रस्त्यात पडला होता. उरलेले तीन इतके झिजले होते की घोडी चालताना टापांऐवजी चमचे वाजल्यासारखं वाटे. चारही खुरांना धड नाल नसतील, तर गाडीची परवान्याची पाटी जागच्या जागी काढून घेत आणि ती प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला देत. यादीत बासष्ट नावं होती. त्या पाटीवर या घराची चूल चालत होती.

पेठेतला नालबंद मार्चमध्येच दुकानाला कुलूप लावून मुलीकडे परदेशी निघून गेला होता. त्याची ऐरण पुतण्याकडे होती, पण पुतण्यानं ती डुकरांच्या खोपटाच्या दाराला टेकवली होती आणि डुकरं विकल्याशिवाय ती हलवायला तो तयार नव्हता. तेव्हा भट्टी घरीच करायची असं ओस्मेलनं ठरवलं. ऐरणीच्या जागी रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता. नालांसाठी बांधकामाची सळई होती, जी एलादिओंनी न्हाणीघर बांधायला म्हणून अकरा वर्षं जपली होती. हातोडा चालवायला स्वतः एलादिओ होते. साखर कारखान्याच्या लोहारखान्यात त्यांनी वीस वर्षं काढली होती. आता डोळे अधू झाले होते, माणूस ओळखू येत नसे, पण तापल्या लोखंडाचा रंग तेवढा बरोबर दिसे.

मायदेलीला ही भट्टी नको होती. लिया होईपर्यंत ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. गेली दोन वर्षं मात्र बल, उष्णता आणि वेग यांबद्दल तिला जे जे ठाऊक होतं, ते सगळं लियाच्या अंगावर काय काय पडू शकेल याचा हिशेब करण्यात खर्च होत होतं. आज तिनं पाण्याच्या दोन बादल्या, वाळूची एक आणि भिजवलेलं पोतं तयार ठेवलं होतं. लियाचं लाकडी कुंपण ओसरीवर तीनदा सरकवून झालं होतं.

ओस्मेलनं ड्रमला आतून माती आणि राख कालवून लिंपलं, खालून पाइप जोडला, वर भोकांची जाळी बसवली आणि लोणारी कोळसा ओतला.

"लिंपण ओलं आहे," मायदेली म्हणाली. "आधी मंद आचेवर सुकू दे. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघेल."

"वाफेला सांग, आज वेळ नाही."

सहाव्या मिनिटाला पहिला ढलपा बंदुकीसारखा आवाज करून उडाला. दुसरा कोंबड्यांमध्ये गेला. तिसरा एलादिओंच्या टोपीत पडला. त्यांनी टोपी काढली, आत हात घालून चाचपलं आणि सुनेला विचारलं, "पोरी, हीच का ती वाफ?"

लिंपण पुन्हा केलं. या वेळी ते मायदेलीनं स्वतः काटक्यांच्या मंद आचेवर दीड तास वाळवलं.

वाऱ्यासाठी त्यानं जुन्या रशियन धुलाई यंत्राची मोटर काढून तिला पत्र्याची पाती लावली होती. "पाइपाला झडप लाव, वारा कमीजास्त करता यायला हवा," असं मायदेली सांगत होती, तोवर त्यानं बटण दाबलं. धुलाई यंत्रानं आयुष्यभर दाबून ठेवलेला जोर एकदम बाहेर काढला. राखेचा एक ढग ड्रममधून उठला, परसावर क्षणभर थांबला आणि मग कुंपणापलीकडे शेजारच्या ओंदीनामावशींच्या दोरीवर वाळणाऱ्या सहा पांढऱ्या चादरींवर सावकाश उतरला.

ओंदीनामावशी दोन मिनिटांत फाटकाशी हजर झाल्या. आत मात्र आल्या नाहीत, कारण ओस्मेलच्या कोंबड्यानं त्यांचा वाफा उकरला तेव्हापासून त्यांनी या अंगणात पाऊल न टाकण्याची शपथ घेतली होती. हाताची घडी घालून त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या.

"ओस्मेल, बाहेर ये."

"येतो मावशी, एवढी झडप लावतो."

"लाव. मी इथंच आहे."

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन रस्त्यानं चालली होती. फाटकाशी कुणीतरी ठामपणे उभं असलेलं पाहून ती थबकली. "शेवटचं कोण?" रांगेत लागण्याआधी विचारतात तसं तिनं विचारलं.

आता साठ वर्षं रांगेत काढलेल्या माणसाच्या तोंडून या प्रश्नाला एकच उत्तर निघतं. "मी," ओंदीनामावशी म्हणाल्या, आणि ती बाई त्यांच्या मागे उभी राहिली.

बरोबर अकराला वीज गेली. गेली की ती दिवेलागणीपर्यंत येत नाही, हे सगळ्या बायामोला ठाऊक होतं. पंखा हळूहळू थांबला. कोळशावरची लाली उतरली आणि ओस्मेल उलट्या बादलीवर बसला, म्हणजे वडिलांच्या मांडीवरच बसला, कारण बादली रिकामी नव्हती.

"उठ," एलादिओ म्हणाले.

"संपलं, बाबा. पाटी गेली. यादीतला बासष्टावासुद्धा आज चांगलं जेवणार."

मायदेलीनं निखाऱ्यांकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे. मनातल्या मनात तिनं चाकाचा व्यास पंख्याच्या कप्पीच्या व्यासानं भागला. "मागचं टायर काढ," ती म्हणाली. "चाक अधांतरी ठेव आणि जुनी ट्यूब कापून पट्टा कर. पायडल एकदा फिरलं की पंखा पस्तीस वेळा फिरेल."

फिरला. ओस्मेलनं पायडल मारलं आणि पाच मिनिटांत कोळसा संत्र्यासारखा फुलला. दहाव्या मिनिटाला कोळसा होता तसाच होता, ओस्मेल मात्र विझत आला होता. शिवाय सांडशीनं सळई धरायला तोच हवा होता. एलादिओ एका हातानं धरून दुसऱ्यानं ठोकू लागले असते, तर सळई आणि अंगठा यांत फरक राहिला नसता. आणि मायदेली सायकलीवर बसली, तर लियाकडे कोण बघणार?

घाम पुसताना तिचं लक्ष फाटकाकडे गेलं. बाहेर एकोणीस माणसं उभी होती.

घरासमोर रांग म्हणजे आत चोरून काहीतरी विकलं जातंय, असंच कुणीही म्हणणार. ती लगबगीनं फाटकाशी गेली. "इथं काही नाहीये हो. खरंच काही नाही."

असं सांगणं हीच चूक झाली.

"म्हणजे थोडंच आहे," मागून कुणीतरी म्हणालं आणि रांग दाटून उभी राहिली.

"कोळसा आहे. सकाळी मी पोतं जाताना बघितलंय."

"कोंबड्या असतील. आवाज येतोय."

"जे असेल ते असो, मी पहिली आहे," ओंदीनामावशींनी बजावलं. चादरी त्या विसरल्या नव्हत्या, पण पहिला नंबर रोज मिळत नाही.

मायदेलीनं सगळं खरं सांगून टाकलं. घोडी, तपासणी, भट्टी, वीज. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणीही हललं नाही. इतका वेळ उभं राहून हात हलवत घरी जायची कुणाला सवय नव्हती.

"निखारे आहेत ना?" चौथ्या नंबरच्या म्हाताऱ्यानं विचारलं. "गॅस नाही, वीज नाही. सकाळपासून घोटभर कॉफी पोटात नाही, पोरी."

तिथं मायदेलीच्या डोक्यात पट्टा बसला. "पाच मिनिटं पायडल मारायचं," ती म्हणाली. "मग एक किटली कॉफी."

अर्ध्या रांगेनं नंबर राखायला उरलेल्या अर्ध्या रांगेला सांगितलं आणि किटल्या आणायला धाव घेतली. ओंदीनामावशींनी शपथेतून वाट काढली. आपण अंगणात पाऊल टाकत नाही, सायकलवर बसतो आहोत, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. त्यांचा पाय चांगलाच जोरकस निघाला. त्यांची किटली ओस्मेलनं मोठ्या आदरानं थेट निखाऱ्यांच्या मध्यावर ठेवली. अर्ध्या मिनिटात ॲल्युमिनियमची ती किटली आधी वाकली, मग बसली, आणि मग कॉफी एकीकडे आणि बूड दुसरीकडे गेलं.

"सहा चादरी," ओंदीनामावशी पायडल न थांबवता म्हणाल्या, "आणि आता किटली."

त्यामुळे त्या भट्टीतून बाहेर पडलेली पहिली वस्तू नाल नव्हती. एलादिओंनी सळईची एक उंच तिवई ठोकून दिली, भट्टीच्या कडेला किटल्या ठेवण्यापुरती. त्यात पाऊण तास गेला. पण हातोड्याला जुनी लय सापडली, आणि त्यानंतर नाल उतरू लागले.

मायदेलीनं सगळी सूत्रं हातात घेतली. ती घाबरली होती म्हणूनच तिचं काहीही नजरेतून सुटत नव्हतं. नायलॉनचा शर्ट घालून कुणी भट्टीजवळ जायचं नाही. सपाता चालणार नाहीत, बूट नसतील त्यानं पुढच्याचे घालावेत. सायकलवरून उतरणाऱ्यानं बसणाऱ्याला "घे" म्हणेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत. लियाच्या कुंपणाशी दोन आज्या पहाऱ्याला बसवल्या आणि त्या दोघींवर लक्ष ठेवायला तिसरी. पहिला नाल दोनला झाला, दुसरा पावणेतीनला. तिसरा कानेलाच्या पायात ठोकेपर्यंत साडेतीन वाजले.

तेव्हाच तिला रांगेत चौदाव्या नंबरावर इन्स्पेक्टर लेग्रा दिसले.

उद्या आठ वाजता पाट्या काढणारे तेच ते. आज त्यांच्या काखेत फाइल नव्हती. हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून किटलीची मूठ डोकावत होती. मायदेली ओस्मेलजवळ जाऊन कुजबुजली, "मागे बघू नकोस."

ओस्मेलनं लगेच मागे बघितलं. "मेलो."

"गप्प राहा. किटली घेऊन आलेत."

लेग्रांचा नंबर आला. त्यांनी मायदेलीकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं. मग घड्याळ काढून खिशात ठेवलं, विजार पोटऱ्यांपर्यंत दुमडली आणि सीटवर बसले. पाय अगदी नियमात फिरू लागले, ना कमी ना जास्त. चौथा नाल, मागचा डावा, तेव्हाच भट्टीत होता आणि जरा तापायचा राहिला होता.

"कोण बसलंय रे सायकलवर?" एलादिओ ओरडले. "दळण दळतोयस का? जोर लाव की."

"बाबा," ओस्मेल दात आवळून म्हणाला.

"बाबा काय? लोखंड थंड पडतंय. अरे ए, तुझ्याआधी एक म्हातारी बसली होती, तिच्या पायात तुझ्या दुप्पट दम होता."

"बाबा, सिगार आणू का दुसरा?"

"सिगार नको, वारा आण. खुर्चीवर बसून बसून फुगलेला दिसतोय हा."

लेग्रांचे कान लोखंडाच्या आधी लाल झाले. मग ते सीटवरून उठून उभे राहिले आणि पायडलवर सगळं वजन टाकलं. पंखा किंचाळला. निखारे पिवळे झाले.

"आता कसं," एलादिओ म्हणाले. "असाच राहा."

लेग्रा तसेच राहिले. पाच मिनिटं संपली, दहा झाली, पंधराव्या नंबरचा माणूस "द्या" म्हणायला दोनदा पुढे आला आणि लेग्रांनी मान हलवून त्याला परत पाठवलं. त्यांची कॉफी उतू जाऊन अर्धी झाली. नाल वळला, त्याला भोकं पडली, पाण्यात चुर्रर्र झाला, तेव्हा कुठं ते खाली उतरले. ओस्मेल खिळे ठोकत असताना ते गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते.

"हा माझा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," मायदेली म्हणाली.

त्यांनी नालाच्या कडेवरून अंगठा फिरवला, उरलेली कॉफी उभ्यानंच प्यायली, घड्याळ मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "उद्या आठला. उशीर चालणार नाही."

त्या रात्री घरात फक्त लिया झोपली.

सोमवारी मैदानात चाळीस गाड्या लागल्या होत्या. लेग्रा फाइल घेऊन आले. कानेलाचे पहिले तीन पाय त्यांनी नुसतेच नजरेखालून घातले. मागचा डावा मात्र उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. लेग्रांनी हाक मारून दोन सहकाऱ्यांना बोलावलं.

"हा बघा," ते म्हणाले. "नाल असा असतो."

फाइलवर शिक्का बसला. तिथंच थांबलं असतं तर बरं, पण लेग्रांना आता नालातलं कळायला लागलं होतं. पुढच्या प्रत्येक घोड्याचा पाय उचलून ते मान हलवत आणि मालकाला म्हणत, "जाऊन त्या घोडीचा मागचा डावा बघून ये." ज्यांचे नाल तपासणीत वर्षानुवर्षं खपून गेले होते, अशा अकरा जणांच्या पाट्या अडकल्या. एकदम अकरा पाट्या काढल्या असत्या तर शहराची वाहतूकच अडली असती, म्हणून त्यांना शनिवारी संध्याकाळी चारपर्यंत मुदत मिळाली.

दहा वाजता अकरा घोडे आणि अकरा गाडीवाले फाटकाशी उभे होते. ओस्मेल छाती काढून पुढे झाला, पण त्याच्याआधीच मायदेली लियाला कडेवर घेऊन तिथं पोचली होती.

"नायलॉनचे शर्ट काढून ठेवा," ती सांगत होती. "घोडे चिंचेखाली बांधा, मागच्या पायाशी कुणी उभं राहू नका. पहिल्यानं सायकलवर बसावं."

त्यातला एक जाडजूड गाडीवाला जरा फणकारला. "बाई, भट्टीवाला कोण आहे? त्याच्याशी बोलतो मी."

"तिच्याशीच बोल," आतून एलादिओंचा आवाज आला. "भट्टी तिची आहे. आम्ही दोघं कामाला आहोत."

ओस्मेलला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण आत सळई लाल झाली होती आणि मायदेलीनं सांडशी त्याच्या हातात दिलीसुद्धा होती.