विजयसिंहांचं लिव्हर

"माझ्या लिव्हरच्या पेशी आता नव्यागत झाल्यात," असं विजयसिंहांनी तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं आणि शेजारी बसलेल्या हंबीररावांना तोंडातलं भजं गिळवेना.

दोघं शिवाजी पेठेतले शेजारी, एकाच मातीत लोळलेले. दोघांच्याही लिव्हरवर चरबी आहे, असं डॉक्टरांनी एकदमच सांगितलं होतं. तोवर सगळं बरोबरीत होतं. पण विजयसिंहांच्या लेकीनं, अनुजानं, पुण्याहून ग्रीन टी पाठवला, त्यांचं पोट उतरलं आणि अख्खा कट्टा मटणाचा विषय सोडून पेशींवर बोलायला लागला. घरीही तेच. बाळाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "विजूभावजी कसं सडसडीत दिसाय लागल्यात, न्हाय?"

आपल्या बायकोनं दुसऱ्याच्या पोटाचं कौतुक करावं! हंबीरराव जळून कोळसा झाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ग्रीन टी आणला. डब्यावर लिहिलं होतं, कपाला एक चमचा.

"ही मापं पुण्याच्या माणसांची. खुराक कधी चमच्यानं घेत्यात व्हय?"

तालमीत थंडाई घोटलेला माणूस तो. मूठभर पाला भिजवून त्यांनी दगडी कुंडीत घोटला, फडक्यातून पिळला आणि तांब्याभर रस उपाशीपोटी रिचवला. मग हे रोजचंच झालं.

"आवं, गूळ तरी घाला त्यात," बाळाबाई म्हणाल्या.

"कडू हाय म्हंजे लागू पडतंय. विज्याच्या पेशी नव्यागत झाल्या न्हवं? माझ्या आत्ता जन्मल्यागत हुतील!"

महिन्याभरात त्यांची भूक मेली. बाळाबाई घाबरल्या, हंबीरराव मात्र खूश. विजयसिंहांची भूक नुसती कमी झाली होती. पुढं डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा आरशात बघून ते म्हणाले, "तेज आलंय." शेवटी बाळाबाईंनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

कृती ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, कपभर चहाचं ठीक आहे. तुम्ही त्याचा अर्क पिताय! एवढ्यानं लिव्हरच्या पेशी मरायला लागल्यात."

"मग विज्याच्या कशा मेल्या न्हाईत?"

"ते कपानं पितात. शिवाय त्यांनी मटण सोडलंय."

हे त्या लबाडानं कट्ट्यावर सांगितलं नव्हतं.

हंबीररावांना दाखल केलं आणि पेठ लोटली. शहाळ्यांना ठेवायला जागा उरली नाही. बाळाबाई उशाशी बसून चमच्यानं पेज भरवत होत्या. कट्टा उठून दवाखान्यातच आला. हंबीरराव पिवळ्या डोळ्यांनी सगळ्यांना घोटण्याची रीत सांगत होते आणि माणसं चुकचुकत ऐकत होती. तेवढ्यात विजयसिंह आले.

"माझ्या पेशी बघा, डॉक्टर म्हणत हुते..."

"गप की रं," कट्ट्यावरचा जोतीराम खेकसला, "हितं माणूस पिवळं पडलंय आणि तुझं काय?"

बाळाबाईंनीसुद्धा वळून बघितलं नाही. विजयसिंह दारातूनच मागं फिरले. मग बाहेर जाऊन त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि आवाज बारीक करून म्हणाले,

"डॉक्टर, माझं लिव्हर परत एकदा नीट तपासा की. काय ना काय सापडंलच."